डोमाजींचा नंबर

आमच्या गावात टीव्ही बघायला धुतलेला सदरा घालून बसणारा एकच माणूस होता, डोमाजी. बाकी आम्ही सगळे क्रिकेट असो, सिनेमा असो की देवाची मालिका असो, बनियनवर नाहीतर उघड्या अंगाने बघतो. डोमाजी संध्याकाळी तलावावरून येत, हातपाय धूत, केसांना पाणी लावत, बायकोने, गिरजाकाकूंनी, घडी करून ठेवलेला पांढरा सदरा अंगात चढवत, गळ्याचं बटण लावत आणि मगच टीव्हीसमोर बसत. बघत काय, तर विज्ञानाचं चॅनल. माणसाचं हृदय कसं बदलतात, देवमासा श्वास कुठून घेतो, मंगळावर गाडी कशी उतरवतात, असले कार्यक्रम. जाहिरात लागली की तेवढ्यापुरतं गळ्याचं बटण काढायचे आणि जाहिरात संपली की परत लावायचे.

एकदा मी न राहवून विचारलंच, "काकाजी, टीव्हीतून तुमी कोनाले दिसून राहिले?"

"नाई दिसत. मले का येडा समजतं तू?" ते म्हणाले. "पन डॉक्टर लोक येऊन उभे राहतेत सामने. डॉक्टरसामने बनियनवर बसत असतेत का?"

माझं बस थांब्याजवळ दुकान आहे. डिशच्या छत्र्या बसवणं, रिचार्ज मारणं, बिघडलेले टीव्ही दुरुस्त करणं हा माझा धंदा. गाव लाखांदूर तालुक्यातलं, तलावाच्या पारीखाली वसलेलं. पारीच्या, म्हणजे बांधाच्या, एका टोकाला मासेमार ढिवरांची घरं, दुसऱ्या टोकाला धानवाल्यांची. कुठल्या घरात काय बघतात हे माझ्याइतकं गावात कोणाला ठाऊक नाही. कोण दिवसभर भजनाचं चॅनल लावून ठेवतो आणि घरचे शेतावर गेले की कुस्त्या बघतो, हेही मला ठाऊक आहे. पण धंद्याची म्हणून काही इमानदारी असते.

डोमाजी पहिल्यांदा दुकानात आले ते खांद्यावर ओलं जाळं घेऊन. जाळ्याचं पाणी माझ्या काउंटरवर ठिबकत होतं, आणि हे गृहस्थ खुशाल टेकून उभे.

"बाबू, मले ते चॅनल पायजे, ज्याच्यात मानसाच्या आंगातलं दाखवते."

"ते कायले काकाजी? सिनेमाचं पॅक घ्या. सारे जन तेच घेऊन राहिले."

"सिनेमातला डॉक्टर ऑपरेशनमंधून बाहेर येते अन् नुसती मान हालवते," ते म्हणाले. "मले काम करनारे डॉक्टर पायजे."

मी हसत हसत पॅक टाकून दिलं. म्हातारपणी लागलेला षोक असेल असं वाटलं, खरं तर ते तेव्हा म्हातारेही नव्हते. षोक कसला होता ते मला छत्री बसवायला त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळलं. खाटेवर त्यांची मुलगी सरिता गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. काकू गरम कपड्याने तिचे पाय शेकत होत्या. पोरगी घामाघूम, दात आवळलेले, आणि तरी मला बघून म्हणाली, "दादा, छत्रीचं तोंड आंब्याच्या झाडाकडे नका करू. पानं आडवी येतीन." मी छत्री दुसरीकडे वळवली. तिचं बरोबर होतं.

सरिताला सिकलसेल होता. आमच्या भागात हा आजार काय असतो हे समजावून सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, धान कापायच्या इळ्यासारख्या, आणि बारीक नसांत अडकतात. अडकल्या की हाडं अशी दुखतात की माणूस लोळतो. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आला तरच हा आजार पुरा होतो. आई ठणठणीत, बाप ठणठणीत, दोघांना कधी साधी डोकेदुखी नाही, आणि पोरीच्या वाट्याला सगळं. डोमाजी एरवी त्याबद्दल बोलत नसत. एकदाच म्हणाले, "आमी दोघांनी मिळून देल्लं तिले," आणि जाळ्याची गाठ सोडवत बसले. गावात खालच्या आळीत कमलाची छोटी पिंकी होती, तिलाही हाच आजार. दोन्ही घरं एकाच बसने जिल्ह्याच्या दवाखान्यात जात.

त्या दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी धीर द्यायला म्हणून सांगितलं होतं की या आजारावर जगात मोठा शोध चालू आहे, एक दिवस लागेलच. त्या बोलून गेल्या असतील. डोमाजींनी तो शब्द धरून ठेवला. शोध लागला तर आपल्याला कळणार कुठून? कोणीतरी सांगितलं की असले शोध टीव्हीवर दाखवतात. म्हणून तो टीव्ही, म्हणून ते चॅनल, आणि म्हणून तो सदरा.

आता नंबराचं सांगितलं पाहिजे, नाहीतर डोमाजी कोणाला कळायचे नाहीत. आमच्या तलावावर ढिवरांचा जुना नेम आहे. पावसाळा उतरला की तलावाच्या खोल भागात जाळं टाकण्यासाठी प्रत्येक घराचा नंबर लागतो. नंबर घराचा असला तरी एका माणसाच्या नावाचा असतो. मुखिया पारीवर उभा राहून ते नाव तीनदा पुकारतो. ज्याचं नाव त्याने स्वतः पारीवर असलं पाहिजे आणि मोठ्याने "हजर" म्हटलं पाहिजे. आवाज आला नाही तर मुखिया म्हणतो, "पुढच्याले द्या," आणि नंबर पुढच्या घराला जातो. कारण कोणी विचारत नाही. तलाव कोणासाठी थांबत नाही असं ते मानतात.

एका वर्षी डोमाजींचं नाव पुकारलं तेव्हा ते सरिताला रक्त चढवायला जिल्ह्याला गेले होते. गावाला माहीत होतं. मुखियाला दया आली, त्याने नाव पुकारून नंबर तसाच राखून ठेवला. डोमाजी परत आले, त्यांना कळलं, तसे ते तडक पारीवर गेले आणि सगळ्यांसमोर मुखियावर उखडले. "नेम म्हंजे नेम. मी हजर नोतो. पुढच्याले द्या." दिला. त्या हंगामात त्यांच्या घरी काठावरच्या बारक्या मासोळीवर भागलं. मी त्यांना म्हटलं, काकाजी, तुमच्यासारखा येडा मानूस मी पाह्यला नाई. ते म्हणाले, "आज माह्यासाठी थांबले, उद्या कोनासाठी थांबतीन? मंग नंबर कायचा?"

टीव्हीचंही त्यांनी असंच ठरवून टाकलं होतं. आज हृदयवाल्यांचा नंबर, उद्या डोळेवाल्यांचा, परवा वाघांचा. एक दिवस सिकलसेलचा लागणार. आणि नंबर लागेल तेव्हा ज्याचं नाव तो हजर पाहिजे. म्हणून सरिताने रोज संध्याकाळी त्यांच्या बाजूला बसायचं. अंग दुखत असलं तर उशी घेऊन, पण बसायचं. काकू चिडायच्या, "पोरीले पडू द्या ना घडीभर! तो टीव्हीवाला काय तिचं नाव पुकारनार हाय?" डोमाजी शांतपणे म्हणायचे, "पुकारो की न पुकारो. आपून हजर असलं पायजे."

सरिता बसायची. बारावीला होती, लाखांदूरला बसने कॉलेजात जायची, सायन्स घेतलं होतं, नर्सिंग करायचं होतं. चॅनलवरची हिंदी फार जड असायची, ती बापाला आपल्या बोलीत करून सांगायची. मग डोमाजी आपलं मत देत. देवमासा पाण्यावर येऊन फुस्सकन श्वास सोडताना दाखवला, तर म्हणाले, "जनम पान्यात काढला, पन पान्याचा झाला नाई बिचारा." मंगळावर गाडी उतरली तेव्हा दुसऱ्या दिवशी खास दुकानात आले. "बाबू, इतक्या दुरून गाडी टाइमावर लागली. अन् आपली लाखांदूरची बस पाय." एकदा परदेशी जहाजाने मोठ्या जाळ्यात अंड्यावर आलेली, ढिवर कधी धरत नाहीत अशी मासोळी ढिगाने ओढलेली दाखवली. डोमाजींनी उठून टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्यांची तक्रार माझ्याकडे नोंदवली. मी म्हटलं, पुढे कळवतो. ते समाधानाने गेले आणि संध्याकाळी परत सदरा घालून बसले.

मला वाटायचं, पोरगी शिकलेली आहे, तिने एकदा बापाला समजावून सांगावं. रिचार्जला आली तेव्हा तसं बोललो. ती हसली. तिच्या डोळ्यांत कायम थोडा पिवळेपणा असायचा, पण हसली की तो दिसायचा नाही.

"मले माहीत हाय दादा. शोध लागला तरी तो आपल्या गावात याले किती वर्सं लागतीन, ते बी माहीत हाय," ती म्हणाली. "पन बाबा दिवसभर पान्यात असतेत. संध्याकाळी सदरा घालून माह्याजवळ बसतेत तवा किती चांगले दिसतेत. मी त्यायच्यासाठी बसतो."

आमच्याकडे मुलीही "बसतो" म्हणतात. ते वाक्य मला अजून तिच्या आवाजात ऐकू येतं.

त्या हिवाळ्यात थंडी वाईट पडली. थंडी या आजाराची वैरीण. सरिताला छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना, आणि तिला जिल्ह्याला नेलं. दवाखान्यातल्यांनी हात राखला नाही, हे डोमाजी स्वतः सांगत असत. दोघंही नवराबायको तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी मला डोमाजींचा फोन आला. आवाज अगदी हळू, वॉर्डात बोलतात तसा.

"बाबू, आज चॅनलवर काय लागनार हाय?"

"कासवाचं हाय काकाजी. समुद्रातल्या."

"मंग ठीक. पन एक काम कर. यायचा काई भरवसा नाई, कार्यक्रम बदलवून टाकतेत. चाबी कमलाकडे हाय. तू बस आमच्या जागेवर. नंबर लागला तं हजर हाव म्हनजो."

कोणाला म्हणू, असं मी विचारलं नाही. मी जन्मभर या माणसाची थट्टा केली होती, पण त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद केलं, घरी जाऊन आंघोळ केली आणि लग्नाकार्यातला शर्ट घातला. बायको बघत राहिली. कुठे निघालात म्हणाली. टीव्ही बघायला, म्हटलं. डोमाजींच्या रिकाम्या घरात चटईवर बसून मी कासवं बघितली. पिल्लं वाळूतून निघून समुद्राकडे धावत होती आणि वरून पक्षी त्यांना उचलत होते. मी गळ्याचं बटण लावलं होतं.

रोज असाच बसलो. एका संध्याकाळी कार्यक्रम निम्म्यावर असताना फोन वाजला.

"बाबू, बसला हायेस का?"

"बसलो हाव काकाजी."

"बंद कर," ते म्हणाले. "बंद करून घरी जा."

मी टीव्ही बंद केला. अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिलो आणि रडलो. शेवटी कमला आली, तिने दार लावलं.

सरिता गेल्यावर डोमाजींनी टीव्ही लावला नाही. रिचार्ज संपलं, त्यांनी मारायला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सदरा खुंटीवर टांगलेला दिसायचा. काकू बाजारात मासोळी विकायला बसायच्या, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मध्येच थांबायच्या. डोमाजी तलावावर जायचे, यायचे. मला बघितलं की हात वर करायचे. आता मस्करीला आमच्या दोघांत काही उरलं नव्हतं.

मग पावसाळा गेला, तलावावर नंबर सुरू झाले, आणि एका सकाळी दुकानातल्या टीव्हीवर पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात लागली. लाल रक्ताच्या नळीतून वाकड्या पेशी वाहत जात होत्या. इळे. खाली सिकलसेलचं नाव.

हातातला पेचकस खाली पडला. सांगावं की न सांगावं? न सांगितलं तर या माणसाचा विश्वास मोडला. सांगितलं तर काय उरलेलं मोडेल, देव जाणे. दिवसभर मी कोणाच्या टीव्हीला नीट हात लावला नाही. शेवटी पारीवर गेलो. डोमाजी जाळं शिवत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"कवा?"

"उद्या संध्याकाळी."

"घरी तं बंद हाय. तुह्या दुकानात येतो."

आले. सदरा घालून आले, केसांना पाणी लावून. सोबत काकू. दुकानात एकच बाक. डोमाजी एका टोकाला बसले आणि बाजूची जागा मोकळी सोडली. काकूंना म्हटलं बसा, तर त्यांनी त्या जागेकडे बघितलं आणि दाराला टेकून उभ्याच राहिल्या.

कार्यक्रम परदेशातला होता. सरिताच्याच वयाची एक मुलगी, काळीसावळी, तशीच बारीक, तशीच गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर. डॉक्टरांनी तिच्या हाडाच्या आतला, रक्त तयार करणारा भाग काढला, प्रयोगशाळेत त्यातली चूक दुरुस्त केली आणि तिचंच तिला परत दिलं. शेवटी ती मुलगी थंडीच्या दिवसांत उघड्यावर चालताना दाखवली. ती म्हणाली की आता दुखत नाही. उपचार फार महाग आहे, सगळीकडे पोचायला वेळ लागेल, असंही सांगितलं.

अर्ध्यात कुठेतरी डोमाजी बाजूच्या मोकळ्या जागेकडे मान वळवून हळूच बोलले. "म्हंजे धानाचे पऱ्हे उपटले, धुतले, वाईट ते निवडून टाकले, अन् परत तिच्याच बांधीत रोवले. नाई का वं?" आजपर्यंत तिने त्यांना समजावून सांगितलं होतं. काकूंनी पदर तोंडात कोंबला.

कार्यक्रम संपला. मी टीव्ही बंद करायला उठलो, तर त्यांनी हाताने थांबवलं. ते उभे राहिले. पारीवर मुखिया उभा राहतो तसे ताठ.

"सरिता डोमाजी," त्यांनी पुकारलं. आवाज रस्त्यापर्यंत गेला. बस थांब्यावरची माणसं बघायला लागली.

"सरिता डोमाजी."

तिसऱ्यांदा आवाज फाटला, पण त्यांनी नाव पुरं घेतलं. मग थांबले. जेवढं थांबायचा नेम आहे तेवढं थांबले. कोणाचा आवाज येणार होता?

"पुढच्याले द्या," ते म्हणाले आणि बाकावर बसून पोरासारखे रडले. तिच्या जाण्याच्या दिवशीही, म्हणे, असे रडले नव्हते.

जाताना त्यांनी विचारलं, परत दाखवतात का. मी म्हटलं, उद्या दुपारी पुन्हा आहे.

पुढे ते दोघं पवनीला गेले, काकूंच्या भावाकडे. वैनगंगेवर जाळं टाकतात असं कळतं. नदीवर नंबर नसतो. जाण्याआधी आपली छत्री आणि डिशचा बॉक्स काढून त्यांनी माझ्याकडून कमलाच्या घरी बसवून घेतले, छत्रीचं तोंड कुठल्या झाडाकडे होऊ नये एवढं बजावून. पण मला डोमाजी आठवतात ते त्या दुसऱ्या दुपारचे.

कमला पिंकीला घेऊन दुकानात आली. पिंकीला धुतलेला फ्रॉक घातला होता, केस विंचरून रिबिनी बांधल्या होत्या. मागून डोमाजी आले, सरळ तलावावरून. पाय चिखलाचे, अंगात भिजलेलं बनियन. त्यांनी मायलेकींना बाकावर बसवलं आणि स्वतः बाहेर पायरीवर टेकले. त्या चॅनलसमोर मी त्यांना पहिल्यांदाच बनियनवर बघत होतो.

"काकाजी, आत या ना," मी म्हटलं. "जागा हाय."

"नाई बाबू. आमचा नंबर होऊन गेला."

टीव्हीवर पांढऱ्या कोटातला डॉक्टर दिसायला लागला. डोमाजींनी पायरीवरूनच मान लांब करून आत बघितलं.

"पिंके," ते म्हणाले, "सरळ बस माय. डॉक्टर आले."